पानामागचा पहारेकरी : भक्षक कोळ्यांचे जीवन आणि आहार

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील बांधांवर आणि पायवाटांवर तांबड्या मखमलीचा एखादा ठिपका चालताना दिसतो. सीमाभागात त्याला मिरगाचा किडा म्हणतात. जुन्या संस्कृत ग्रंथांतून तो इंद्रगोप या नावाने ओळखला जातो. मुले त्याला तळहातावर घेऊन खेळतात आणि चार-आठ दिवसांत तो पुन्हा मातीत दिसेनासा होतो. किडा असे नाव पडले असले, तरी हा जीव कीटक नव्हे. त्याला सहा नव्हे, आठ पाय असतात. तो कोळीवर्गातील असून मांसाहारी आहे. प्रौढावस्थेत तो इतर कीटकांची अंडी आणि मातीतील मऊ अंगाचे लहान जीव खातो. त्याची पिल्ले मात्र काही काळ नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांच्या शरीरातील द्रवावर जगतात.

मिरगाचा किडा नुसत्या डोळ्यांना दिसतो, म्हणून तो लोकांना ठाऊक आहे. त्याचे पुष्कळ नातलग मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असून पिकांच्या पानांच्या मागील बाजूस राहतात. त्यांतील काही पिकाचा रस शोषतात, तर काही त्या रसशोषकांना मारून खातात. या दुसऱ्या गटाला भक्षक किंवा परभक्षी कोळी म्हणतात. बेळगाव जिल्ह्यातील हिरवी मिरची, भेंडी, वांगी आणि ढोबळी मिरची चोर्ला घाटातून रोज गोव्याच्या बाजारात उतरते. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवरील बरीचशी भाजीही याच पट्ट्यातून येते. त्या भाजीवर किती औषध मारले गेले, याचा निर्णय काही अंशी या अदृश्य पहारेकऱ्याच्या असण्या-नसण्यावर होत असतो.

नाव एक, कुळे अनेक

मराठीत कोळी या शब्दाने जाळे विणणारा घरातला कोळीही ओळखला जातो आणि शेतीतील लाल कोळी, पिवळा कोळी अशा सूक्ष्म किडीही. कन्नडमध्ये सूक्ष्म कोळ्यांना नुसी हा वेगळा शब्द आहे. दोघांचा वर्ग एकच असला, तरी त्यांच्या शरीराची ठेवण निराळी असते. जाळे विणणाऱ्या कोळ्याचे शरीर बारीक कमरेने दोन भागांत विभागलेले असते. सूक्ष्म कोळ्यात अशी कंबर नसते. सारे शरीर एकाच पिशवीसारखे दिसते.

भक्षक कोळी अनेक कुळांत आढळतात. साठवलेल्या धान्यात पीठकोळ्यांना खाणारे कायलेटिडी हे एक कूळ. लांब सोंडेसारख्या तोंडाचे डेलिडी आणि क्युनॅक्सिडी, तसेच पालापाचोळ्यात व झाडांवर गरगर धावणारे ॲनिस्टिडी हेही भक्षकच होत. मातीच्या वरच्या थरात राहून बुरशीवरील माश्यांच्या अळ्या खाणारे कोळीही असतात. शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कूळ म्हणजे फायटोसेयिडी. जगभरात या कुळातील अडीच हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. पिकावरील कोळीकीड आवरण्यासाठी जे भक्षक कोळी वापरले जातात, ते बहुतेक याच कुळातील असतात.

सीमाभागाच्या दृष्टीने या कुळातील दोन जाती विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. निओसेयुलस लाँगिस्पिनोसस ही भारतात सर्वत्र आढळणारी जात लाल कोळ्यांवर जगते. युसियस ओव्हॅलिस ही जात मिरचीसह अनेक पिकांवर आढळते आणि ती कोळ्यांबरोबरच परागही खाते. या दोन्ही बाहेरून आणलेल्या नसून येथीलच आहेत.

शरीर आणि जीवनक्रम

फायटोसेयिडी कुळातील प्रौढ मादीची लांबी ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते. आकार नासपतीसारखा, अंग चकचकीत, रंग फिकट पांढरट ते पिवळसर. मात्र लाल कोळी खाल्ल्यावर त्याचा रंग भक्षकाच्या अंगात उतरतो आणि तोही तांबूस दिसू लागतो. लाल म्हणजे कीड आणि पांढरा म्हणजे मित्र, असा सरसकट निकष लावता येत नाही तो यामुळेच.

जीवनक्रमाच्या पाच पायऱ्या असतात : अंडे, सहा पायांची अळी, आठ पायांच्या दोन अर्भकावस्था आणि प्रौढ. अंडी लांबट गोल असतात व बहुधा पानाच्या मागील बाजूस शिरांलगत किंवा केसांच्या आधाराने घातलेली असतात. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ होण्यास चार ते सहा दिवस पुरतात. लाल कोळ्याला त्याच हवेत आठ ते दहा दिवस लागतात. मादी लाल कोळी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, भक्षक मादीची अंडी त्याच्या निम्मी असतात. संख्येत मागे असलेला भक्षक वेगात पुढे असतो आणि त्याच्या उपयुक्ततेचे मूळ या गणितात आहे.

दोघांच्या प्रजननाची रीतही वेगळी आहे. लाल कोळ्याच्या मादीचा नराशी संयोग झाला नाही तरी ती अंडी घालते आणि त्यांतून नर जन्मतात. म्हणजे एखादी एकटी मादी वाऱ्याने नव्या शेतात जाऊन पडली, तरी तिचा वंश तेथे सुरू होऊ शकतो. भक्षक मादीला मात्र अंडी घालण्यासाठी संयोग आवश्यक असतो. पुढे ज्या अंड्यांतून नर व्हायचे असतात, त्यांच्यातील पित्याकडून आलेली गुणसूत्रे वाढीच्या आरंभीच बाद होतात. भक्षकांत माद्यांचे प्रमाण नरांपेक्षा जास्त असते आणि संख्या झपाट्याने वाढण्यास त्याचा हातभार लागतो.

भक्षकाची दुबळी बाजू म्हणजे त्याचे अंडे. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली बरीच उतरली की अनेक जातींची अंडी सुकतात आणि फुटत नाहीत. लाल कोळ्याला मात्र कोरडी, तापलेली हवाच मानवते. मार्च ते मे या महिन्यांत अथणी, गोकाक या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात कोळीकिडीचा जोर वाढतो आणि खानापूरच्या पश्चिमेकडील दमट रानांत तो तुलनेने कमी असतो, यामागील एक कारण हे आहे.

डोळे नाहीत, तरी शिकार

फायटोसेयिडी कोळ्यांना डोळे नसतात. पुढच्या पायांची जोडी ते चालताना उचलून धरतात आणि स्पर्शकांसारखी पुढे फिरवतात. त्या पायांच्या टोकांवरील सूक्ष्म केसांना वास आणि चव कळते. कोळ्यांनी विणलेला रेशमी धागा किंवा त्यांची विष्ठा लागली की भक्षक आपली वाट बदलतो आणि त्याच पानावर घुटमळत शोध घेऊ लागतो.

दूरवरून शिकार सापडण्याची युक्ती अधिक विलक्षण आहे. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके यांनी दाखवून दिले, की कोळीकीड लागलेले डबल बीचे रोप विशिष्ट गंधद्रव्ये हवेत सोडते आणि भक्षक कोळी त्या वासाच्या दिशेने चालत जातात. निरोगी रोपाला तो वास नसतो. म्हणजे ज्याच्यावर हल्ला होतो ते झाडच आपल्या शत्रूच्या शत्रूला बोलावून घेते. वनस्पती आणि भक्षक यांच्यातील हा संवाद पुढे इतर अनेक पिकांत आढळला.

शिकार सापडली की भक्षक तोंडाजवळच्या चिमट्यांनी तिला पकडतो, तिची कातडी भेदतो आणि आतील द्रव शोषून घेतो. मागे उरते ती सुकलेली साल. भिंगातून पाहताना पानावर अशा रिकाम्या, चुरगळलेल्या साली आणि फुटकी अंडी दिसली, तर तेथे भक्षक काम करीत आहे असे समजावे. फायटोसेयुलस पर्सिमिलिस या सर्वाधिक अभ्यासलेल्या जातीची एक मादी दिवसाला सुमारे पाच प्रौढ कोळी किंवा वीसपर्यंत अंडी फस्त करते. याच जातीची सहा पायांची अळी मात्र काहीच खात नाही. तिचे खाणे पुढच्या अवस्थेपासून सुरू होते. अन्न संपले की भक्षक एकमेकांची अंडी आणि पिल्लेही खातात. त्यानंतर उरलेले पानाच्या कडेला जाऊन उभे राहतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात.

आहारानुसार चार गट

जेम्स मॅकमर्ट्री आणि ब्रायन क्रॉफ्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये फायटोसेयिडी कोळ्यांची त्यांच्या खाण्यानुसार चार गटांत विभागणी केली. पुढे २०१३ मध्ये तिच्यात सुधारणा झाली, पण मूळ चौकट कायम राहिली.

पहिल्या गटातील कोळी जवळजवळ केवळ जाळे विणणाऱ्या लाल कोळ्यांवर जगतात. पर्सिमिलिस ही त्यातली जात होय. शिकार आहे तोवर ते झपाट्याने वाढतात आणि शिकार संपताच उपासमारीने नाहीसे होतात. दुसऱ्या गटातील कोळी लाल कोळ्यांना प्राधान्य देतात, पण गरज पडली तर इतर कोळी, फुलकिड्यांची पिल्ले आणि थोडाफार परागही खातात. निओसेयुलस प्रजातीतील अनेक जाती येथे बसतात. तिसरा गट सर्वभक्षकांचा असून त्यात कोळी, फुलकिडे, पांढऱ्या माशीची अंडी आणि पराग असे सारेच खाल्ले जाते. चौथ्या गटातील कोळी परागावर उत्तम वाढतात आणि शिकारही करतात. युसियस ओव्हॅलिस या गटातील आहे.

ही वर्गवारी शेतकऱ्याच्या दृष्टीने कोरडी नाही. केवळ लाल कोळी खाणारा भक्षक कीड आल्यावर कामाला येतो, पण कीड येण्याआधी शेतात टिकत नाही. पराग खाणारा भक्षक कीड नसतानाही फुलांच्या आधाराने टिकून राहतो आणि किडीची पहिली तुकडी येताच तिला गाठतो. एक आग विझवणारा, तर दुसरा आग लागू न देणारा.

सीमाभागातील पिके

संकेश्वरी मिरची हे बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्याच्या संकेश्वरचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवणारे पीक. आज त्या जवारी वाणाची जागा बऱ्याच ठिकाणी संकरित वाणांनी घेतली असली, तरी मिरचीचा सर्वांत मोठा शत्रू बदललेला नाही. मराठी शेतकरी त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतो. कर्नाटकातील शास्त्रज्ञांच्या इंग्रजी निबंधांतही मुरडा हाच शब्द रूढ आहे. एकाच नावाखाली येथे दोन वेगळ्या किडींचे आणि विषाणूंचे काम एकत्र आलेले असते. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूला वळतात, तर पिवळ्या कोळ्यामुळे ती खालच्या बाजूला वळून उलट्या होडीसारखी दिसतात, देठ लांबतात आणि शेंडा कडक होतो.

हा पिवळा कोळी, पॉलिफॅगोटार्सोनेमस लॅटस, जेमतेम ०.२ मिलिमीटरचा असतो. तो जाळे विणत नाही आणि कोवळ्या शेंड्यातच राहतो. त्याचे अंडे पारदर्शक असून त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. नर मादीच्या सुप्तावस्थेतील पिल्लाला पाठीवर उचलून नव्या पानाकडे नेतो. पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटूनही हा कोळी एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. शेंडा वळलेला दिसेपर्यंत नुकसान झालेले असते, म्हणून आधीपासून शेतात असलेल्या युसियससारख्या भक्षकाचे मोल येथे अधिक आहे.

भेंडी आणि वांग्यावर टेट्रानिकस प्रजातीतील लाल कोळी येतात. पानावर पांढुरके बारीक ठिपके, मागील बाजूस जाळी आणि शेवटी पान करपल्यासारखे होणे ही त्यांची लक्षणे. हे कोळी निओसेयुलस लाँगिस्पिनोससचे मुख्य अन्न आहे. ज्वारीवर आणि उसावर ओलिगोनिकस इंडिकस हा तांबडा कोळी दिसतो. वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभेच्या काठच्या उसात आणि कोरडवाहू ज्वारीत तो उन्हाचा ताण वाढल्यावर डोके वर काढतो. अथणी भागातील द्राक्षबागांनाही फळे भरण्याच्या कोरड्या काळात लाल कोळ्याचा त्रास होतो.

निपाणीचे नाव ज्या पिकाशी जोडले गेले आहे, त्या तंबाखूचे झाड भक्षक कोळ्याला मात्र फारसे सोयीचे नाही. तंबाखूच्या पानावर चिकट द्रव सोडणारे ग्रंथियुक्त केस असतात. टोमॅटोवरही तसेच केस असतात आणि त्यात भक्षक कोळी अडकून पडतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. उलट ढोबळी मिरचीच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात केसांचे लहान झुबके असतात व त्यांत भक्षक कोळी आसरा घेतात. पानांवरील अशा कोनाड्यांकडे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आक्सेल लुंडस्ट्रॉम यांनी १८८७ मध्येच लक्ष वेधले होते. एकाच कुळातील पिके, पण भक्षकाला एका ठिकाणी घर मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी सापळा.

तंबाखूच्या रोपवाटिकेभोवती पाने खाणाऱ्या अळीसाठी सापळा म्हणून एरंड लावण्याची शिफारस जुनी आहे. एरंडाचा पराग हे युसियस आणि त्याच्या जवळच्या कोळ्यांचे आवडते खाद्य असून प्रयोगशाळेत त्यांना वाढवण्यासाठीही तो वापरतात. बांधावरील एरंडाचे झाड असे दुहेरी उपयोगी पडते.

माडावरील पाहुणा

गोव्याच्या वाचकाला कोळीकिडीची खरी ओळख झाली ती माडामुळे. नारळावरील इरिओफाइड कोळी, अ‍ॅसेरिया ग्वेरेरोनिस, १९९८ मध्ये केरळात आढळला आणि काही वर्षांतच कर्नाटक, गोवा व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पसरला. नारळाच्या टोपीखाली, म्हणजे देठाजवळच्या पाकळ्यांच्या आत राहून तो कोवळ्या सालीचा रस शोषतो. फळ वाढू लागले की त्या जागी तपकिरी, भेगाळलेले त्रिकोणी चट्टे उमटतात आणि नारळ लहान राहतो.

या कोळ्याचा पाठलाग करणारे निओसेयुलस बराकी आणि निओसेयुलस पॅस्पॅलिव्होरस हे भक्षक अंगाने चपटे आणि लांबट असतात, त्यामुळे टोपीखालच्या अरुंद फटीत ते शिरू शकतात. पण अगदी कोवळ्या नारळात ती फट इतकी घट्ट असते की कीड आत जाते आणि भक्षक बाहेर राहतो. फळ वाढून फट रुंदावेपर्यंत किडीला मोकळीक मिळते. भक्षक हजर असूनही नियंत्रण अपुरे का पडते, याचा उलगडा या काही सूक्ष्म अंतराच्या फरकात होतो.

माडाच्या पानांवरील लाल कोळी, राओइएला इंडिका, याचे वर्णन १९२४ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून झाले. २००४ नंतर तो कॅरिबियन बेटांत पोहोचला आणि तेथे त्याने माड व केळीवर थैमान घातले. भारतात तो त्या प्रमाणात कधी उग्र झाला नाही. अँब्लिसियस लार्गोएन्सिस हा भक्षक त्याच्या सोबतीने दोन्हीकडे आढळतो.

औषध मारले आणि कीड वाढली

फवारणीनंतर आठ-पंधरा दिवसांत कोळी दुपटीने वाढल्याची तक्रार शेतकरी नेहमी करतात. तो भ्रम नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर वाढला तेव्हा युरोप-अमेरिकेतील फळबागांत लाल कोळ्याचे मोठे उद्रेक झाले. त्यापूर्वी हा कोळी तेथे दुय्यम कीड मानला जात असे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनीही पुढे तोच अनुभव दिला. इमिडाक्लोप्रिडच्या वापरानंतर लाल कोळी वाढल्याच्या नोंदीही आहेत.

कारणे अनेक आहेत. पहिले म्हणजे ही औषधे कोळ्यांपेक्षा त्यांच्या भक्षकांना अधिक मारतात. पानभर फिरणारा भक्षक औषधाच्या थेंबांवरून सतत चालत असतो. जाळीखाली एका जागी बसलेला लाल कोळी त्यातून बचावतो. दुसरे, काही औषधांच्या अल्प मात्रेने कोळ्याची अंडी घालण्याची क्षमता वाढते. तिसरे, लाल कोळ्याच्या पिढ्या भराभर होत असल्याने औषधाला दाद न देणारा वंश त्याच्यात लवकर तयार होतो. जगात सर्वाधिक औषधांना प्रतिकार मिळवलेल्या किडींत टेट्रानिकस अर्टिकी याचे नाव वरच्या क्रमांकावर आहे. भक्षक मात्र शिकार परतल्यानंतरच परततो. मधल्या काळात कीड मोकळी असते, शेतकरी पुन्हा पंप उचलतो आणि चक्र पुढे चालते.

२०२१ च्या अखेरीस थ्रिप्स पार्व्हिस्पिनस या परक्या फुलकिड्याने आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातील मिरचीवर हल्ला केला, तेव्हा हे चक्र अधिक तीव्र झाले. फूल गळून जाऊ नये म्हणून आठवड्यातून अनेकदा फवारण्या झाल्या. अशा शेतात भक्षक कोळ्याला जागा उरत नाही. औषध वनस्पतिजन्य असले म्हणजे ते मित्रकिडींना निरुपद्रवी असते, हाही गैरसमज आहे. तंबाखूतील निकोटीन हे निसर्गातलेच, पण व्यापक विष आहे. गंधकाची फवारणी किंवा धुरळणीही काही भक्षक जातींना घातक ठरते. कोळीनाशक म्हणून अनेक दशके वापरलेल्या डायकोफॉलचा २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनयादीत समावेश झाला. जुने हत्यार गेले, म्हणून जिवंत मदतनीसाचे महत्त्व वाढले आहे.

जगाचा अनुभव

भक्षक आणि भक्ष्य यांच्या नात्यावरील एक गाजलेला प्रयोग कोळ्यांवरच झाला. कॅलिफोर्नियातील कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात संत्र्यांवर कोळीकीड आणि भक्षक कोळी सोडले होते. संत्री जवळजवळ ठेवली तेव्हा भक्षकाने सारी कीड संपवली आणि नंतर तो स्वतः उपाशी मेला. संत्री विखरून ठेवून मध्ये व्हॅसलीनचे अडसर आणि वाऱ्याबरोबर उडण्यासाठी काड्या उभ्या केल्या, तेव्हा दोघेही बराच काळ टिकले. कीड शून्यावर आणण्याचा हट्ट धरला तर तिचा राखणदारही जातो, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

त्याच वर्षी, १९५८ मध्ये, चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर पर्सिमिलिस नकळत पोहोचला. त्याची क्षमता लक्षात आल्यावर तो युरोपातील काचगृहांत वापरला जाऊ लागला आणि भक्षक कोळ्यांच्या व्यापारी उत्पादनाचा पाया पडला. आफ्रिकेत १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या हिरव्या कोळ्याने कसावाची, म्हणजे साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाची, पिके पोखरली. १९९३ मध्ये बेनिन देशात ब्राझीलमधील टायफ्लोड्रोमालस अरिपो हा भक्षक सोडण्यात आला. कसावाच्या शेंड्यात राहणाऱ्या या कोळ्याने अनेक देशांत आपोआप प्रसार केला आणि छोट्या शेतकऱ्यांना औषधावर पैसा न घालता उत्पन्न वाढवून दिले.

बेळगाव-गोवा व्यवहाराशी सर्वांत जवळचा दाखला स्पेनमधील अल्मेरियाचा आहे. २००६-०७ च्या सुमारास तेथील ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचा अंश जर्मनीतील तपासणीत सापडला आणि खरेदीदारांनी पाठ फिरवली. त्यानंतर अल्पावधीतच त्या भागातील बहुतांश मिरची उत्पादक अँब्लिसियस स्विर्स्की हा भक्षक कोळी आणि फुलकिडे खाणारा ढेकूण यांच्याकडे वळले. हा बदल घडला तो शेतातील उपदेशाने नव्हे. माल जिथे विकला जातो तेथील ग्राहकाने आणि तपासणीने तो घडवला. परराज्यातून भाजी घेणाऱ्या छोट्या राज्याच्या हाती असलेले सामर्थ्य यातून ध्यानात यावे.

ओळख आणि जपणूक

दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग शेतकऱ्याच्या खिशात असले तरी पुरे. पानाच्या मागील बाजूस पाहताना लाल कोळी संथ, फुगीर आणि बहुधा अंगावर दोन गडद डाग असलेला दिसतो. भक्षक चकचकीत, डागरहित आणि चपळ असतो. उजेड पडताच तो शिरेच्या आडोशाला पळतो. किडीचे अंडे मोहरीच्या दाण्यासारखे पूर्ण गोल, तर भक्षकाचे त्याहून मोठे व लांबट. पांढऱ्या कागदावर पान झटकले तरी कोणता ठिपका पळतो आणि कोणता सावकाश चालतो, हे कळते. दहा किडींमागे एक भक्षक दिसत असेल तर फवारणी थोपवून आणखी काही दिवस निरीक्षण करण्यास हरकत नसते, असा साधारण ठोकताळा आहे.

भक्षक कोळी टिकवण्याच्या रीतीही सोप्या आहेत. मिरचीच्या कडेने मक्याच्या ओळी घेतल्या तर पांढरी माशी अडते आणि मक्याचा पराग भक्षकाला मिळतो. बांधावरील झाडोरा सरसकट जाळला नाही, तर आसरा उरतो. धुळीने माखलेल्या पानांवर लाल कोळी फोफावतो आणि भक्षकाची हालचाल मंदावते. रस्त्याकडेच्या ओळींवर पाण्याचा फवारा मारणे यासाठी उपयोगी ठरते. पाण्याचा ताण पडू न देणे, नत्रखताचा अतिरेक टाळणे आणि व्यापक परिणामाची औषधे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणे, हे त्यापुढचे टप्पे. स्टेथोरस हा काळा इवला ढालकिडा आणि स्कोलोथ्रिप्स हा कोळी खाणारा फुलकिडाही याच काळजीने वाचतात.

संशोधनाचा आधार दूर नाही. बेळगाव जिल्हा धारवाड कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्या विद्यापीठाचे बिडी तंबाखूवर काम करणारे संशोधन केंद्र निपाणीत आहे. जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठात कोळीशास्त्राच्या अखिल भारतीय प्रकल्पाचे केंद्र असून तेथे जी. पी. चन्नबसवण्णा यांनी या शास्त्राची परंपरा घातली. उपयुक्त कीटकांचा संग्रह व अभ्यास करणारा राष्ट्रीय ब्युरोही बेंगळुरात आहे. गोव्यात जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था कार्यरत आहे. परदेशी भक्षक आणून सोडण्यास केंद्राची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. पण येथील निओसेयुलस आणि युसियस यांना परवाना लागत नाही. घेवड्याच्या रोपांवर लाल कोळी वाढवून त्यांवर निओसेयुलसची पैदास करण्याचे तंत्र या शास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

तालुक्याच्या पातळीवर पैदास होऊन हे कोळी रोपवाटिकेतूनच शेतात पोहोचले, तर सीमाभागातील भाजीपाल्यावरील फवारण्यांची संख्या घटवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग ठरू शकेल. तोवर निदान एवढे करता येते : पंप पाठीवर घेण्याआधी पाच झाडांची पाच पाने उलटी करून भिंगाखाली धरावीत. त्यांवर एखादा चकचकीत ठिपका धावताना दिसला, तर त्या दिवशीची फवारणी त्याच्यावर सोपवता येईल.